एका बिल्डला लिंबाएवढा कोळसा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत डेटा सेंटर किती वीज खातात याच्यावर लेख आला होता, तो आमच्या घरी दोनदा वाचला गेला, एकदा मी आणि एकदा बाबांनी मोठ्याने. लेख चांगला होता, पण सगळा रोख एआयवर आणि मोठ्या कंपन्यांवर होता, आणि आम्ही जे साधे सॉफ्टवेअरवाले आहोत, रोज सकाळी लॅपटॉप उघडून कोड लिहितो, पुश करतो, म्हणजे तो टीमच्या सामायिक कोडमध्ये पाठवतो, आणि चहा प्यायला जातो, आमचा त्यात कुठेच उल्लेख नाही. तो असायला पाहिजे होता असं मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहून राहिलो. थोडं लांब होईल, कापायचं तर कापा, पण कोळशाचा हिशोब कापू नका ही विनंती.

मी वरोरा तालुक्यातल्या एका गावात राहतो. काम पुण्याच्या एका कंपनीचं, डेव्हऑप्सचं. लॉकडाऊनमध्ये घरी आलो आणि मग इथेच राहिलो, वावर पण बघतो आणि काम पण करतो. डेव्हऑप्स म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण गावात मला अजून "कम्प्युटर दुरुस्तीवाला" समजतात. चाळीस पोरं मिळून एक मोठं सॉफ्टवेअर लिहितात. कोणी एक ओळ जरी बदलली तरी ती ओळ बाकीच्यांच्या कामात बसते की नाही हे तपासावं लागते, मग एक मशीन कुठेतरी चालू होते, सगळा कोड नव्याने उतरवते, त्याला लागणाऱ्या शेकडो लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे तुकडे, नेटवरून खेचते, सगळं जोडून चालणारं सॉफ्टवेअर बांधते म्हणजे बिल्ड करते, हजारो टेस्ट चालवते आणि सगळं ठीक निघालं तर सर्व्हरवर चढवते. या साखळीला पाईपलाईन म्हणतात. ती बसवणं आणि चालती ठेवणं हे माझं काम. आणि ही पाईपलाईन प्रत्येक पुशला चालते, म्हणजे दिवसातून किती वेळा चालते हे चालवणाऱ्यालाही माहीत नसते, कारण ती त्याच्या घरातल्या मीटरवर चालत नाही.

आता आमच्या मीटरची गोष्ट. मागच्या दिवाळीनंतर ऑफिसने क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर, घेतलेले मिनिट संपत होते म्हणून मी घरचा जुना डेस्कटॉप पाईपलाईनला रनर म्हणून जोडला. रनर म्हणजे जे मशीन प्रत्यक्षात बिल्ड करते ते. तो बैठकीच्या खोलीत, बाबांच्या खाटेच्या बाजूलाच. त्याचा पंखा रात्री अडीच वाजता घरघर करायला लागला की बाबा उठून बसायचे. एक दिवस सकाळी म्हणाले, "अरे, तू तं झोपला होता, मंग हे मशीन रातभर कोनासाठी चालू होतं?" मी म्हटलं बाबा, टेस्ट चालू असते. "कायची टेस्ट? कोन पायते ते?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरंच नव्हतं. मी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडून पाहिला तर रात्री अडीचचा तो जॉब एका अशा प्रोजेक्टचा होता ज्याचा क्लायंट वर्षभरापूर्वीच सोडून गेला होता. कोणीतरी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, लावून ठेवला होता, रोज रात्री इमेज बांधायची, डेटाबेस उभा करायचा, टेस्ट चालवायच्या, आणि रोज रात्री ती टेस्ट फेल होत होती, आणि फेल झाल्याचा मेल अशा माणसाला जात होता ज्याने नोकरी सोडली होती. माझ्या घरी आला तेव्हा दिसला, त्याच्या आधी तो क्लाउडवर असाच चालत होता.

त्या दिवशी मी वरोऱ्याहून प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आणला. डेस्कटॉप नुसता चालू असला तर ३८ वॅट, बिल्ड चालू झाली की १०५ च्या आसपास. आमची पूर्ण बिल्ड तेव्हा ४१ मिनिटं चालायची. म्हणजे एका बिल्डला साधारण ०.०७ युनिट. ऐकायला काहीच नाही. पण आपल्याकडे औष्णिक केंद्रात एका युनिटला ढोबळ मानाने पाऊण किलोच्या थोडा कमीच, ०.७ किलो कोळसा जळतो, म्हणजे एका बिल्डला ५० ग्रॅम. आमच्या रस्त्यावर ट्रकमधून पडलेला कोळसा लोक चुलीसाठी वेचून आणतात, आईने पण कोपऱ्यात ठेवलेला असतो. मी किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणला आणि ५० ग्रॅमचा एक खडा शोधला. लिंबाएवढा भरला. हातात घेतला की बोटं काळी होतात. एक पुश, एक लिंबू.

मग मी एक आठवडा मोजलं. त्या आठवड्यात आमच्या मुख्य प्रोजेक्टवर २१४ वेळा पाईपलाईन चालली. मी एकेक रन डोळ्याखालून घातली, दोन रात्री गेल्या त्याच्यात. ६३ वेळा असं झालं की बिल्ड अर्ध्यातच होती तेवढ्यात त्याच पोराने दुसरा पुश केला, म्हणजे पहिल्या बिल्डचा निकाल कोणाला नको होता तरी ती शेवटपर्यंत चालली. २९ वेळा फक्त रीडमी किंवा असंच माहितीचं पान बदललं होतं, एका ठिकाणी तर एक वेलांटी दुरुस्त केली होती आणि त्या वेलांटीसाठी ४१ मिनिटं हजारो टेस्ट चालल्या. ४८ वेळा माणूस नव्हताच, लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलं की आपोआप पीआर, म्हणजे कोडमध्ये हा बदल घ्या असा प्रस्ताव, उघडणारा बॉट म्हणजे प्रोग्राम होता, तो सोमवारी पहाटे एकदम रांग लावतो. म्हणजे २१४ पैकी १४० रन अशा की नसत्या झाल्या किंवा कमी झाल्या असत्या तरी कामात काही फरक पडला नसता. १४० लिंबं म्हणजे ७ किलो कोळसा. ऑफिसची पाईपलाईन खरं तर चार वेगवेगळ्या व्हर्जनवर एकाच वेळी चालते म्हणून चारपट धरा. मी बाबांचं घमेलं घेतलं आणि त्यात ७ किलो कोळसा भरून बैठकीत मशीनजवळ ठेवला. त्याचा फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटं कोणी काही लिहिलंच नाही.

मला माहीत आहे की क्लाउडचा सर्व्हर माझ्या डेस्कटॉपसारखा नसतो, एका मोठ्या सर्व्हरचे तुकडे करून ते अनेकांना देतात आणि तिथे एका कामाला वीज कमी पण लागू शकते, पण तिथे एसी आहे, नेटवर्क आहे, रिकामे चालू ठेवलेले सर्व्हर आहेत. म्हणून माझा आकडा ढोबळच आहे. पण क्लाउड बिलात मिनिटं दाखवतात आणि रुपये दाखवतात, कोळसा दाखवत नाहीत, म्हणून ढोबळ तर ढोबळ, कोणीतरी मांडला पाहिजे.

आणि हे मी चंद्रपूर जिल्ह्यात बसून लिहितो म्हणून मला जास्त लागते. माझ्या बहिणीचं सासर दुर्गापूरला. तिथे गच्चीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळी झटकून घरात घ्यावे लागतात, कुरड्या-पापड उघड्यावर वाळवायचे तिने सोडूनच दिले. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सगळ्यात मोठं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांची प्रदूषणाची यादी काढली होती त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं होतं, अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या खालोखाल. आणि इथे तयार झालेली वीज जाते कुठं? चंद्रपूर ते पडघे अशी ५०० केव्हीची डीसी लाईन आहे, ७५२ किलोमीटर, १५०० मेगावॅट, १९९९ पासून. पडघे म्हणजे ठाणे जिल्हा, मुंबईच्या तोंडाशी. आणि देशातले सगळ्यात जास्त डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईतच आहेत. एकदा ग्रीडमध्ये, म्हणजे देशाच्या वीज जाळ्यात, गेल्यावर कोणती वीज कोणाच्या घरी गेली हे सांगता येत नाही हे मलाही कळते, पण खाण भद्रावती-माजरीला, राख दुर्गापूरला, रस्त्याच्या कडेच्या पऱ्हाटीवर काळी धूळ, कापूस वेचताना आईचे हात काळे, आणि दुसऱ्या टोकाला एका वेलांटीसाठी ४१ मिनिटं. ते दुसरं टोक मीच चालवतो, ही गोष्ट मला घमेलं भरेपर्यंत कधी सुचली नव्हती.

आता काय केलं ते सांगतो, कारण तुमचा पेपर वाचणारी इंजिनिअरिंगची पोरं वर्धा, यवतमाळ, अमरावती सगळीकडे आहेत आणि याच्यातलं काहीच अवघड नाही.

पहिलं म्हणजे जुनी रन रद्द करणं. गिटहब ही कोड ठेवायची वेबसाईट, तिच्या ॲक्शन्स नावाच्या पाईपलाईनच्या सोयीत कॉन्करन्सी म्हणून सेटिंग आहे, त्याच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या त्याच फांदीवर, नवा पुश आला की जुनी चालू असलेली रन थांबवते. तीन ओळी. पण ही तपासणीच्या रनलाच लावायची, डिप्लॉयमेंटला लावायची नाही, नाहीतर अर्धं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढलेलं आणि अर्धं खाली अशी अवस्था होते. दुसरं, जॉबला वेळेची मर्यादा. गिटहबवर तुम्ही काही सांगितलं नाही तर एक जॉब ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास चालू राहू शकतो. आमच्याकडे एका शनिवारी एक टेस्ट ब्राउझर उघडायची वाट पाहत अडकली आणि पूर्ण सहा तास तशीच बसून राहिली, काही न करता. आता २५ मिनिटं लावलीत.

माहितीची पानं बदलली तर बिल्ड चालवू नको असं सांगणारा पाथ फिल्टर लावला, त्याच्यात मात्र ठेच लागली. वर्कफ्लो, म्हणजे आख्खी पाईपलाईन, पूर्णच वगळला तर ज्या चेकशिवाय मर्ज होत नाही, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये जात नाही, तो चेक पेंडिंगच राहतो, आणि पोरं बसली वाट पाहत. मग ती अट वर्कफ्लोवर न ठेवता आतल्या जॉबवर ठेवली, जॉब अटीने वगळला गेला तर तो पास धरला जातो. दुसरी ठेच याच्यापेक्षा मोठी होती. मी एक कॉमन कॉन्फिगचं फोल्डर पण वगळलेल्यात टाकून दिलं होतं, त्यातला एक बदल टेस्ट न होता पुढे गेला आणि स्टेजिंगवर, म्हणजे टेस्टिंगच्या नक्कल सर्व्हरवर, पैसे भरायचं पान उघडेना. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी उलटं करतो, काय वगळायचं याची यादी एकदम छोटी ठेवतो आणि शंका आली की बिल्ड चालूच देतो. टेस्ट कमी करा असं मी कोणाला सांगून राहिलो नाही, सिक्युरिटीचं स्कॅन तर बिलकुल बंद करू नका. ज्या रनचा निकाल कोणी पाहणार आहे ती चाललीच पाहिजे.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो कॅशिंगचा, म्हणजे एकदा उतरवलेलं साठवून पुन्हा वापरण्याचा, आणि डॉकरच्या थरांचा. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं थराथराने एका डब्यात बांधणारं साधन. हे शेतकऱ्याला लगेच समजते. मोकाट पाणी सोडलं तर सगळं वावर भिजते, तण पण भिजते, धुरा पण भिजतो, आणि ठिबकने फक्त मुळाशी पाणी जाते. आमची डॉकर फाईल मोकाट पाण्यासारखी होती. आधी सगळा कोड कॉपी करायचा आणि मग लायब्रऱ्या उतरवायच्या, म्हणून कोडमध्ये एक अक्षर बदललं तरी डॉकरला वाटायचं खालचं सगळं बदललं आणि तो सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा नेटवरून आणायचा. ओळींची अदलाबदल केली, आधी फक्त लायब्रऱ्यांच्या यादीची फाईल, मग लायब्रऱ्या, मग शेवटी कोड. आता यादी बदलली नाही तर तो थर जसाच्या तसा वापरला जातो. कॅशची किल्ली पण लॉक फाईलच्या, म्हणजे लायब्रऱ्यांची नेमकी व्हर्जनं लिहिलेल्या फाईलच्या, हॅशवरून म्हणजे ठशावरून बनवली. ४१ मिनिटांची बिल्ड १४ वर आली. जेनकिन्स या पाईपलाईनच्या दुसऱ्या साधनावर एक जुना प्रोजेक्ट आहे, तिथे प्रत्येक वेळी रेपोचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, पहिल्या दिवसापासूनचा सगळा इतिहास उतरत होता, तिथे शॅलो क्लोन केला, फक्त शेवटची नोंद उतरते. बाबांनी एकदा विचारलं की आधीच असं का नव्हतं केलं. कारण ४१ मिनिटं कोणालाच टोचत नव्हती, तेवढ्यात जेवण व्हायचं.

बॉटला आम्ही सांगितलं की आठवड्यातून एकदाच ये आणि सगळे बदल एकाच पीआरमध्ये आण. चार व्हर्जनवरची मोठी टेस्ट प्रत्येक पुशला न चालवता दिवसातून एकदा आणि रिलीजच्या आधी. आर्टिफॅक्ट म्हणजे बिल्डमधून निघालेल्या फाईली गिटहब आपोआप ९० दिवस ठेवते, आम्ही ५ दिवस केले, कारण साठवलेली फाईल पण कुठेतरी फिरत्या डिस्कवर किंवा चालू सर्व्हरवर पडलेली असते. या छोट्या गोष्टी आहेत, फार बोलत नाही.

पण स्टेजिंगबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण माझ्या मते बिल्डपेक्षा मोठी नासाडी तिथे आहे. स्टेजिंग म्हणजे खऱ्या सर्व्हरची नक्कल, टेस्टिंगवाले वापरतात. आठवड्याचे तास १६८. ऑफिस सोमवार ते शुक्रवार, अगदी रोज १२ तास धरले तरी ६० होतात. उरलेले १०८ तास ती नक्कल, तिचा डेटाबेस, तिचं सगळं चालूच, आणि वापरणारा कोणीच नाही. घरी आपण खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करतो, आई तर मी दोन मिनिटांसाठी बाहेर गेलो तरी लाईट घालवते. आम्ही आता रात्री आठला स्टेजिंग झोपवतो आणि सकाळी आठला उठवतो, शनिवार-रविवार पूर्ण बंद. पहिल्या आठवड्यात दोघांनी तक्रार केली, रात्री दहाला काम करायचं होतं. त्यांच्यासाठी एक बटण करून दिलं, दाबलं की तीन तासांसाठी उठते. त्यानंतर कोणी काही म्हटलं नाही, आणि कंपनीचं बिल उतरलं तेव्हा मॅनेजरचा स्वतःहून फोन आला.

आता वेळेचं. आमच्या भागात रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला किती वर्षं रात्रीची लाईन असायची हे तुम्हाला सांगायला नको. रात्री बारानंतर वावरात जायचं, रानडुक्कर, साप, आणि ताडोबाच्या बाजूने वाघ. माझे बाबा दिवसाची लाईन द्या म्हणून तहसीलवर मोर्च्यात गेलेले आहेत. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आमच्या फीडरवर सोलर आलं आणि दिवसा पाणी द्यायला मिळते. त्याच्यामागचं कारण साधं आहे, सूर्य दिवसा असतो. दुपारी ग्रीडमध्ये सोलरची वीज इतकी येते की कोळशावरच्या वीज संचांना निर्मिती कमी करून खाली यावं लागते, आणि सूर्य मावळला की त्यांनाच पुन्हा वर चढावं लागते. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमात बदल करून सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं ते याच्यासाठीच. शेतकऱ्याने मोटर रात्रीवरून दिवसा आणली. मग आमचे मोठे जॉब रात्री दोनला का चालतात? जुनी सवय, की रात्री सर्व्हर रिकामा असतो. क्लाउडवर ते कारण उरलेलंच नाही.

म्हणून घरच्या रनरवरचा रोजचा मोठा जॉब मी दुपारी बाराला आणला. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, गिटहबचा क्रॉन मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने चालतो, आपण साडेपाच तास पुढे, म्हणून दुपारच्या बारासाठी सहा वाजून तीस लिहावं लागते. पुष्कळ पोरं मध्यरात्रीसाठी शून्य-शून्य लिहून टाकतात आणि जॉब आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालतो, सूर्य उगवायच्या आधी. आणि दुसरं, गिटहबचे तयार रनर घेत असाल तर ते मशीन आपल्या देशात असेलच असं नाही, मग आपल्या दुपारचा काही उपयोग नाही, त्या मशीनच्या जागची दुपार पाहावी लागेल. क्लाउडमध्ये कोणत्या शहरातलं सेंटर घ्यायचं हे आपल्या हातात असते, स्वीडनसारख्या ठिकाणी पाणी, अणू आणि वाऱ्याची वीज, तिथे तेच काम फार कमी कार्बनमध्ये होते. भारतीय ग्रीडची सरासरी एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. ग्राहकांचा डेटा बाहेर नेऊ नका, नियम आहेत, पण नुसती टेस्ट चालवायला कोड बाहेर गेला तर हरकत नसते, कंपनीला विचारून घ्या.

हे सगळं मोजायचं कसं याचं मानक पण आहे. ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणून संस्था २०२१ मध्ये सुरू झाली, तिने सॉफ्टवेअर कार्बन इंटेन्सिटी म्हणून मोजमाप तयार केलं आणि २०२४ मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं, क्रमांक २१०३१. हिशोब असा की लागलेली वीज गुणिले त्या विजेचा कार्बन, अधिक मशीन बनवताना झालेल्या कार्बनचा वाटा, आणि हे सगळं एका कामामागे, म्हणजे एका बिल्डमागे किंवा एका ग्राहकामागे. मला त्याच्यातली सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट अशी की झाडं लावून किंवा कार्बन क्रेडिट विकत घेऊन हा आकडा खाली दाखवता येत नाही. वीज कमी वापरा, स्वच्छ वीज वापरा, नाहीतर मशीन जास्त वर्षं वापरा, एवढेच रस्ते. झाडं लावलीच पाहिजेत, आमच्याकडच्या ओबीच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, डोंगरांवर तर लावलीच पाहिजेत, पण त्याची पावती दाखवून रात्री अडीचचा जॉब माफ होत नाही.

एक गोष्ट लपवत नाही. बिल्ड १४ मिनिटांची झाल्यावर पोरं जास्त पुश करायला लागली. आधी विचार करून पुश करायची, आता वाटते होऊन जाईल लवकर. ठिबक लावल्यावर माणूस जास्त एकर ओलिताखाली आणतो तसंच. म्हणून बिल्ड फास्ट करून भागत नाही, मोजावं पण लागते, आणि तो आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे. आमच्याकडे आता दर सोमवारी ग्रुपवर एक ओळ येते, मागच्या आठवड्यात किती रन, किती मिनिटं, त्यातल्या किती रद्द झाल्या, आणि किती किलो कोळसा. कोणाचं नाव नाही. २१४ रनवरून सध्या ९० ते १०० च्या मध्ये आहोत, पुश वाढूनसुद्धा, आणि त्या पण बऱ्याचशा छोट्या. ती किलोची ओळ आल्यावर एका पुण्याच्या पोरीने विचारलं होतं की हा कोळसा नेमका कुठला धरलाय. मी तिला माजरीच्या साईडिंगचा, म्हणजे रेल्वेत कोळसा भरतात त्या जागेचा, फोटो पाठवला.

आता माझ्या मागण्या. राज्य सरकार दरवर्षी किती पोर्टल आणि ॲप बनवून घेते, त्याच्या टेंडरमध्ये एवढं तरी लिहावं की ठेकेदाराने महिन्याला किती बिल्ड मिनिटं आणि स्टेजिंगचे किती तास वापरले ते कळवावं. रुपयाचा खर्च नाही, क्लाउडच्या बिलात हे आकडे असतातच. नागपूरला मिहानमध्ये आयटी कंपन्या आहेत, त्यांनी निदान स्वतःच्या नोटीस बोर्डवर हा आकडा लावावा. आणि आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये पोरांना पाईपलाईन लिहायला शिकवतात, हिरवी टिक आली की मार्क मिळतात, पण ती टिक यायला मशीन किती वेळ चाललं हे कोणी विचारत नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एक रकाना वाढवा, मिनिटांचा.

तुम्हाला पण एक विनंती आहे. पेपरलेस म्हणजे पर्यावरणाचं भलं असं तुमच्या पेपरात पुष्कळदा छापून येते. ऑनलाईन फॉर्ममुळे कागद वाचतो हे खरंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण त्या फॉर्मच्या मागे काय चालते त्याच्यावर एखादी मालिका करा, चंद्रपूर, कोराडी, तिरोडा, मौदा इथल्या औष्णिक केंद्रांवर माणसं पाठवा आणि मुंबईच्या डेटा सेंटरमध्येही पाठवा, आणि दोन्ही एकाच पानावर छापा.

वरोरा, भद्रावती, वणी या बाजूच्या कोणत्याही कॉलेजने बोलावलं तर मी एसटीने येईन. प्लगचा मीटर, वजनकाटा आणि कोळसा मी घेऊन येतो, तुम्ही फक्त एक जुना डेस्कटॉप आणि पोरांचा एखादा चालू प्रोजेक्ट तयार ठेवा. तारीख शक्यतो सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणी सुरू होण्याच्या, दिवसांत नको, तेव्हा आईला वेचायला माणसं मिळत नाहीत आणि मी वावरात असतो.

आपला नियमित वाचक,
एक डेव्हऑप्स इंजिनिअर आणि शेतकऱ्याचा मुलगा,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर